चेस्टर विल्यम्स मंडेलांच्या चिठ्ठीवर संघात आला नव्हता

‘मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी निवड समितीला चिठ्ठी पाठवली, एक काळा मुलगा घ्या. असा आला चेस्टर विल्यम्स, दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय रग्बीपटू. फायनल त्यानंच जिंकून दिली आणि मंडेलांनी त्याचीच जर्सी घातली. पुढं मात्र तो विस्मृतीत मेला. आरक्षणाचं हे असंच असतं!’

बेळगावातल्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं. पण खानापूरच्या भावजींनी तो भाच्याला वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला दिलाय, आणि पोरगं फोनवर विचारतंय, ‘मामा, चिठ्ठीची तारीख काय सांगू?’

तारीखच बघूया की. विल्यम्सची पहिली कसोटी (रग्बीत दोन देशांमधला सामना म्हणजे कसोटी) नोव्हेंबर १९९३ मध्ये, अर्जेंटिनाविरुद्ध, ब्युनोस आयर्सला. मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले १० मे १९९४ ला. म्हणजे विल्यम्स देशासाठी खेळायला लागला तेव्हा मंडेलांना स्वतःच्या देशात मत द्यायचा हक्कसुद्धा मिळाला नव्हता. कसोट्यांच्या नोंदी नेटवर कुणालाही सापडतात. फॉरवर्ड करायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

बरं, १९९५ च्या विश्वचषकाचं. संघात नाव होतं, पण मांडीचा स्नायू दुखावला म्हणून त्याला बाहेर पडावं लागलं. कॅनडाविरुद्धच्या सामन्यात हाणामारी झाली, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा खेळाडू, पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली आणि बरा झालेला विल्यम्स परत आला. म्हणजे चिठ्ठी असलीच तर हेंड्रिक्सच्या ठोशाची म्हणा! आल्या आल्या उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्यानं चार ट्राय केले. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवणं. एका कसोटीत चार ट्राय तोवर दक्षिण आफ्रिकेच्या कुठल्याच खेळाडूला, गोऱ्यालाही, जमले नव्हते. आपल्याकडं आखाड्यात वशिल्यानं नाव पुकारून घेता येतं, समोरच्याची पाठ वशिल्यानं मातीला लागत नाही. एकूण २७ कसोट्या, १४ ट्राय. ‘गुणवत्ता मेली’ म्हणणाऱ्यानं हे आकडे भाच्यासमोर मोठ्यानं वाचावेत.

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजानं का होईना. त्या संघात गोरा नसलेला तो एकटाच होता, आणि बदललेला देश दाखवायला त्याचा चेहरा पोस्टरांवर भरपूर वापरला गेला. २००२ मध्ये आलेल्या चरित्रात त्याची त्याबद्दलची कडवट नाराजी आहे. पण पोस्टरवर कुणी लावलं हा एक प्रश्न आणि संघात कशानं आला हा दुसरा. मजकूर लिहिणाऱ्यानं दोन्हींची भेळ केलीय.

‘पहिला’ही तो नव्हेच. पहिला एरॉल टोबायस, १९८१ मध्ये आयर्लंडविरुद्ध, भर वर्णभेदाच्या राजवटीत. सहा कसोट्या खेळला आणि सहाही जिंकल्या. तरी गोरे त्याला शोभेची बाहुली म्हणत आणि वर्णभेदाविरुद्ध लढणारे आपले लोकही ‘त्यांच्यात गेलास’ म्हणून तोंड फिरवत. दुसरा एव्हरिल विल्यम्स, १९८४ मध्ये. हा चेस्टरचा काकाच. स्पर्धेत बोलायला टोबायसचा विषय खरं तर जास्त चांगला, पण त्याच्यावर फॉरवर्ड कोण बनवणार?

फायनल त्यानं जिंकून दिली म्हणे. २४ जून १९९५ च्या त्या सामन्यात एकही ट्राय झाला नाही. न्यूझीलंडविरुद्ध १५-१२, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंधराच्या पंधरा गुण जोएल स्ट्रान्स्कीच्या बुटातून, म्हणजे किक मारून, आले. मंडेलांच्या अंगावरची सहा नंबरची जर्सी कर्णधार फ्रान्स्वा पिनारची. विल्यम्सचा नंबर अकरा.

राहिलं विस्मृतीत मरणं. युगांडा आणि ट्युनिशियाच्या राष्ट्रीय संघांना त्यानं शिकवलं. ६ सप्टेंबर २०१९ ला हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला, तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. भावजी, रागावू नका, पण भाच्याचं भाषण आता मी लिहून देतो.