जुने एएमई लायसन्स, सीएआर-६६ आणि मर्यादांविषयीचा राग

विमान देखभाल अभियंत्याचे (एएमई) जुने लायसन्स सीएआर-६६ मध्ये, म्हणजे या लायसन्सच्या नव्या भारतीय नियमावलीत, रूपांतरित होऊन हातात आले, की त्यावर छापलेल्या मर्यादा, म्हणजे ज्या कामांखाली सही करता येत नाही त्यांची नोंद, पाहून आमच्या क्षेत्रातील अनेक ज्येष्ठांचा पारा चढतो. इतकी वर्षे सही करून विमाने उड्डाणासाठी रिलीज केली, आणि आता आम्हाला अर्धवट ठरवता काय, असा त्यांचा सवाल असतो. हा संताप मी समजू शकतो, पण तो मला पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कागदपत्रांविषयी आहे.

विमान नियम, १९३७ मधील नियम ६१ खाली मिळणारे जुने लायसन्स कामाच्या शाखेनुसार विभागलेले होते: हेवी एरोप्लेन, जेट इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ. ज्याची ज्या शाखेत परीक्षा झाली, त्याने त्या शाखेच्या कामाखाली सही करावी, इतका तो हिशेब सरळ होता. युरोपने २००३ च्या नियमावलीद्वारे पार्ट-६६ हा लायसन्सविषयीचा भाग आणला आणि त्याच धर्तीवर आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) सीएआर-६६ तयार केल्यावर या शाखांच्या सीमाच बदलल्या. बी१.१ कॅटेगरीचा अभियंता टर्बाइन इंजिनाच्या विमानाची संरचना, इंजिन, यांत्रिक प्रणाली आणि विद्युत प्रणाली या सर्वांसाठी सही करतो. शिवाय साध्या चाचणीने सिद्ध होणारे एव्हिऑनिक्सचे (विमानातील इलेक्ट्रॉनिक प्रणालींचे) कामही त्याच्याकडे येते. बी२ कॅटेगरीकडे एव्हिऑनिक्स आणि विद्युत प्रणाली असतात. म्हणजे पूर्वी स्वतंत्र असलेले इलेक्ट्रिकल आता दोन्ही घरांत शिरले.

मग ज्याने आयुष्यभर हेवी एरोप्लेन आणि जेट इंजिनवर काम केले, पण विद्युतनिर्मिती व वितरण या विषयाची परीक्षा कधी दिली नाही, त्याला संपूर्ण बी१.१ कोणत्या आधारावर द्यायचे? ज्याच्याकडे फक्त इलेक्ट्रिकल आहे, त्याने बी२ मिळताच वेदर रडारसारख्या एव्हिऑनिक्सच्या कामाखाली सही करावी काय? मूळ युरोपीय नियमातील ६६.ए.७० या कलमाचा आशय मला न्याय्य वाटतो: पूर्वीचे अधिकार नव्या परीक्षेशिवाय कायम राहतील, परंतु जे पूर्वी नव्हते ते केवळ छपाई बदलली म्हणून मिळणार नाही.

अनुभव हाच पुरावा मानावा, असे म्हणणाऱ्यांना मी १० जून १९९० च्या ब्रिटिश एअरवेज ५३९० या उड्डाणाची आठवण करून देतो. त्या बीएसी वन-इलेव्हनची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला, हे आश्चर्यच. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी बर्मिंगहॅमला ती काच बसवणारा शिफ्ट मेंटेनन्स मॅनेजर चांगला अनुभवी होता. त्याने जुन्या बोल्टशी नजरेने ताडून नवे बोल्ट निवडले, आणि ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे निघाले. लायसन्स परीक्षेच्या अभ्यासक्रमातील मॉड्यूल ९, म्हणजे मानवी घटक (माणसाच्या हातून चुका कशा होतात), हा विषय ज्येष्ठांनी परीक्षेतून सूट असली तरी वाचावा, असे माझे मत यामुळेच आहे. (गणिताच्या मॉड्यूल १ बद्दल मात्र माझा इतका आग्रह नाही.)

आता तक्रारीकडे येतो. अनुभव सिद्ध करायचा म्हणजे लॉगबुकातील कामांना ज्या कंपनीत ती झाली तिचे प्रमाणन हवे. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची २०१९ मध्ये, गो फर्स्टची २०२३ मध्ये. अशा वेळी क्वालिटी विभागातील माणसे चहूकडे पांगतात, आणि मुंबई सोडून आखातात गेलेला अभियंता पंधरा वर्षांपूर्वीच्या वर्क ऑर्डरखाली सही कोणाकडून आणणार? कंपनी बंद पडताना तिचे देखभालीचे व प्रमाणन कर्मचाऱ्यांचे अभिलेख नियामकाच्या ताब्यात जावेत आणि अर्जदाराला तेथून प्रमाणित प्रत मिळावी, अशी व्यवस्था खरोखर चालताना दिसली पाहिजे.

दुसरी मागणी याहून लहान आहे. प्रत्येक मर्यादेसमोर, ती काढण्यासाठी कोणत्या मॉड्यूलमधील कोणते उपविषय द्यावे लागतील, हे रूपांतराच्या पत्रातच लिहून द्यावे. मूळ युरोपीय नियमात हे विषय रूपांतर अहवालात ठरवून ठेवण्याची तरतूद आहेच. ती माहिती अर्जदाराच्या हाती पहिल्याच दिवशी पडली, तर पंचावन्नाव्या वर्षीही परीक्षेला बसायला तयार असलेले बरेच जण मला माहीत आहेत.