कडक शिशाच्या आधी गोळीचं माप घ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून चार दिवस गेले, त्याबद्दल सॉरी. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की माझ्या 1920च्या दशकातल्या विंचेस्टर 94 रायफलमध्ये, थर्टी-थर्टी कॅलिबर, घरी ओतलेली जरा मऊच शिशाची गोळी सगळ्यात चांगली चालते. त्यावर दादांचं म्हणणं असं, की मऊ गोळीने बॅरलचा सत्यानाश होतो, त्यांच्या मार्लिन 336 मध्ये लिनोटाइपसारखं (जुन्या छपाईच्या टाइपाचं) कडक शिशाचं मिश्रण वापरूनच थोडंफार जमलं, पावडरचा आकडा न देता लेख लिहिणं म्हणजे लोकांना अर्धवट माहिती देणं, बॅरल तापल्यावर काय होतं हे मी लिहिलंच नाही, आणि घरात शिसं वितळवणं हा विषाशी खेळ आहे.

आधी मऊ-कडक. कडक गोळी वाईट असं मी म्हणत नाही, पण कडकपणा हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न माप. गोळी बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांच्या मापापेक्षा बारीक असेल तर मागचा तापलेला गॅस तिच्या कडेने पुढे पळतो, जाताना शिसं वितळवतो आणि तेच शिसं नळीत चिकटतं. अशा वेळी मऊ गोळी दाबाने थोडी फुगून खाच भरून तरी काढते. लिनोटाइपची कडकपणाची ब्रिनेल संख्या 22च्या आसपास असते, ती हलक्या लोडला (म्हणजे कमी पावडरला) फुगतच नाही, म्हणजे कडक गोळी आणि वर बारीक माप, नळीत शिसं बसायचा हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. माझं मिश्रण जुन्या व्हील वेट्सचं (गाडीच्या चाकांना लावायची शिशाची वजनं), त्यात थोडं कथील, अंदाजे 12 ब्रिनेल. (आजकालच्या व्हील वेट्समध्ये जस्ताचे बरेच येतात, ते भांड्यात गेले की अख्खा घाणा वाया, निवडून घ्या.)

आता माप कसं काढलं ते. मी भोसरीत टर्नरचं काम करत मायक्रोमीटर धरायला शिकलो, त्यामुळे कागदावर छापलेल्या 0.308 इंचावर विश्वास ठेवायची सवयच नाही. रिकाम्या रायफलची लिव्हर उघडी ठेवली, नळीत तेल लावलं, मासेमारीचं मऊ शिशाचं वजन लाकडी हातोडीने नळीच्या तोंडात ठोकलं आणि पितळी दांड्याने हळूहळू पार केलं. हाताला जाणवतं ते, मध्ये एका जागी ते जरा ढिलं पळालं, पुढे परत घट्ट झालं. बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचा भाग मोजला तर 0.3095. म्हणजे दीड थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) मोठी बॅरल! मग गोळी 0.311 ची ठेवली, खाचांपेक्षा एक-दोन थाऊ जास्त हा जुना नियम आहे आणि तो माझ्याकडे तरी खरा ठरला.

पण इथेच खरी गोची पुढे होती, आणि मला वाटतं तुमचीही तीच आहे. 0.311 ची गोळी घेऊनसुद्धा माझे शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, सहा इंचांचे येत होते आणि चेंबरजवळ, जिथे काडतूस बसतं तिथे, राखाडी शिशाचे पट्टे दिसत होते. शिसं चेंबरजवळ चिकटलं तर संशय मापावर घ्यायचा, नळीच्या तोंडाजवळ चिकटलं तर गोळीवरचं लुब्रिकंट पुरलं नाही असं समजायचं. म्हणून मी भरलेल्या काडतुसातून एक गोळी पुलरने ओढून काढली आणि मोजली, 0.309! केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, मान तिला पिळत होती. काडतूस भरायच्या नेहमीच्या डायमधला एक्स्पँडर (केसची मान रुंद करणारा दांडा) तांब्याच्या आवरणाच्या 0.308 गोळीसाठी केलेला असतो, मान घट्ट राहते आणि मऊ शिसं बिचारं आत जाताना बारीक होतं, जे दोन थाऊ मी कष्टाने मिळवले ते केसमध्येच गेले. शिशाच्या गोळीसाठी मिळतो तो पायरीचा एक्स्पँडर लावला, केसचं तोंड किंचित उघडं केलं म्हणजे कडेला शिसं खरवडलं जात नाही, आणि आधीचा तांब्याचा थर पूर्ण निघेपर्यंत नळी आतून घासली. पुढच्या शनिवारी ग्रुप अडीच इंचांवर आला, ते पण नेम धरायच्या जुन्या उघड्या साइटवर. मिश्रण तेच, पावडर तीच, गोळीच्या बुडाला तांब्याचा गॅस चेकही (गॅस अडवणारी छोटी वाटी) आधीपासून होताच.

तुमच्या मार्लिनचं म्हणाल तर त्यांनी 1950च्या दशकाच्या मध्यावर मायक्रो-ग्रूव्ह बॅरल आणली, भरपूर पण उथळ खाचा. तिच्यात शिसं चालत नाही असं सरसकट म्हणतात, पण उथळ खाचेला माप आणखी काटेकोर लागतं एवढाच त्याचा अर्थ आहे असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत आणि मी लेखात लिहायला हवी होती. बॅरल तापली की ग्रुप वर-खाली लांबतो. या रायफलींत मॅगझिनची नळी आणि बॅरल पट्ट्यांनी एकत्र बांधलेली असते, त्यामुळे तापल्यावर ओढाताण होते. मी प्रत्येक गोळीनंतर थांबतो, पण ते लिहिलं नव्हतं. आज लेखात भर घालतो.

पावडरचा आकडा मात्र देणार नाही, राग आला तरी चालेल. माझी शंभर वर्षांची रायफल, तुमच्या रायफलीचं चेंबर तिच्यासारखंच असेल याची खात्री कोणी द्यायची? पावडर कंपनीचं छापील मॅन्युअल घ्या, त्यातला सुरुवातीचा लोड घ्या, तिथून वर जा. मी सेकंदाला 1500-1600 फुटांच्या आसपास थांबतो, कारखान्याचं 170 ग्रेन वजनाच्या गोळीचं काडतूस 2200च्या आसपास जातं, त्याच्याशी स्पर्धा करायची गरजच नाही. हलक्या लोडमध्ये जलद पावडर केस अर्धीसुद्धा भरत नाही, म्हणजे चुकून दुप्पट पडली तरी मावते, म्हणून गोळी बसवायच्या आधी ट्रेमधल्या प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. गोळीचं नाक सपाटच हवं, कारण नळीच्या मॅगझिनमध्ये ते पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (ठोका बसला की पेटणारी बुडाची टिकली) टेकून बसतं, आणि क्रिम्प, म्हणजे केसच्या तोंडाने गोळीला धरलेली पकड, नीट हवा नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी आत सरकते.

शिशाबद्दल तुमची काळजी रास्तच आहे. मी घरात नाही, मागच्या अंगणात उघड्यावर ओततो. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओतायच्या तापमानाला वाफ नगण्यच, खरा धोका वरच्या मळीच्या धुळीचा आणि न धुतलेल्या हातांचा. कपडे वेगळे, काही खायचं-प्यायचं नाही, वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासतो. पाण्याची भीती जास्त. एकदा दवाने ओलसर झालेली शिशाची वीट वितळलेल्या शिशाच्या भांड्यात सोडली आणि सगळं शिसं फाडकन उडालं, चष्मा आणि लांब हातमोजे होते म्हणून वाचलो. आणि शिकारीला वापरणार असाल तर राज्याचा नियम बघा, कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाचं काडतूस चालत नाही.

भारतातून दोघातिघांनी विचारलंय त्यांच्यासाठी : हे सगळं मी पेनसिल्व्हेनियात करतो. तिकडे 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, तेव्हा हे फक्त वाचा.

दादा, तुम्ही एवढंच करा, मार्लिनची नळी मोजा आणि तुमच्या भरलेल्या काडतुसातली एक गोळी ओढून मोजा. दोन्ही आकडे इथे टाका, मग मिश्रणावर बोलू.