माझा पगार शून्य

मुलाचा पगार विचारल्याशिवाय आपल्याकडे लग्न ठरत नाही. माझाही विचारला होता. कांदेपोह्यांच्या बशा अजून हातात होत्या, तोच भावी सासऱ्यांनी 'हातात किती पडतात?' असा सरळ मुद्द्याला हात घातला. मी तोंडातला घास गिळेपर्यंत बाबांनी वार्षिक आकडा सांगून टाकला, तोही न मिळालेला बोनस धरून. सासरे समाधानानं हसले, आईनं आणखी पोहे वाढले आणि लग्न ठरलं.

पुढे लग्न झालं, बायको इंग्लंडमधल्या लेस्टरला आपल्या नोकरीवर परतली आणि आम्ही माझ्या व्हिसाच्या मागे लागलो. तिच्याकडे तिथल्या कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे तिला नवऱ्याला बोलावून घेता येतं. पण त्यासाठी उत्पन्न लागतं वर्षाला २९,००० पाउंड. २०१२ च्या जुलैपासून बरीच वर्षं हा आकडा १८,६०० होता, तो ११ एप्रिल २०२४ ला वर गेला. आम्ही एकमेकांना पसंत करायला दोन-तीन वर्षं उशीरच केला म्हणायचा.

आणि हे उत्पन्न दाखवायचं तिनं. माझा पुण्यातला पगार पहिल्या अर्जात धरतच नाहीत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ऐन तारुण्य घालवून कमावलेला तो आकडा, ज्याच्या जोरावर मी बोहल्यावर चढलो, त्याची किंमत शून्य. गंमत म्हणजे माझ्या नावावर एखादा फ्लॅट असता आणि तो मी भाड्यानं दिला असता, तर ते भाडं धरलं असतं. राबून मिळवलेलं चालत नाही, बसून मिळवलेलं चालतं. शेजारच्या नेनेकाकांनी आयुष्य भाडेकरूंवर काढलं. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "राज्य उगाच नाही केलं त्यांनी दीडशे वर्षं."

पगार नसेल तर शिल्लक दाखवता येते, हे कळल्यावर बाबा सरसावले. मुदतठेवींच्या पावत्या कपाटातून बाहेर आल्या. हिशेब असा, की पहिले १६,००० पाउंड सोडून द्यायचे आणि वर जितकं उत्पन्न कमी पडतं त्याची अडीच पट दाखवायची. म्हणजे उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पाउंड. बाबांनी त्याला रुपयाच्या भावानं गुणलं, कोटीच्या घरातला आकडा पाहिला, आणि पावत्या एकेक करून परत कपाटात गेल्या. आई म्हणाली, "माझ्या पाटल्या धरा की." पण सोनं, घर, शेत यातलं काहीच चालत नाही. रोकड हवी, आणि तीही आमच्या ताब्यात सहा महिने पडून असलेली. शेजाऱ्याकडून आठवडाभर उसने आणून दाखवायची सोय इंग्रजांनी ठेवलेली नाही.

तेव्हा सगळी भिस्त बायकोच्या पगारावर. तो २९,००० च्या वर होता, फार नाही, पण होता. गेल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, तेवढ्याच महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, आणि स्लिपेवरची रक्कम स्टेटमेंटमध्ये जशीच्या तशी जमा झालेली दिसली पाहिजे. सोपं वाटलं. मग बायकोला एक स्लिप सापडली, त्यात पगार निम्माच होता. चौकशी केली तर ती लग्नाच्या महिन्याची निघाली. केळवणं, हळद, सत्यनारायण आणि जेजुरी हे सगळं तिच्या हक्काच्या रजेत बसलं नव्हतं, म्हणून तिनं बिनपगारी रजा घेतली होती. आणि स्लिपांमधला पगार कमी-जास्त असेल तर सगळ्यात कमी आकडा धरून त्याला बारानं गुणायची पद्धत! ज्या लग्नामुळे ती मला बोलावू शकते, त्याच लग्नाला हजर राहिल्यामुळे ती मला बोलावू शकत नव्हती. जेजुरीला जायचा आग्रह आईचा होता, पण ते घरात कोणी बोललं नाही.

उपाय एकच. तो महिना सहा महिन्यांच्या हिशेबातून मागे सरकेपर्यंत थांबायचं.

दरम्यान कंपनीचं पत्र. त्यात नोकरी कधीपासून, पगार किती, तो किती दिवसांपासून मिळतोय आणि नोकरी कायम की कंत्राटी, एवढं सगळं पाहिजे. बायकोच्या कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी पहिल्या पत्रात 'ती अत्यंत मनमिळाऊ आहे' असं लिहून दिलं. ते मी फ्रेम करून सासूबाईंना भेट द्यावं असं सुचवलं. बायकोनं फोन ठेवला.

कागद मी इथे छापून फाइल करत होतो. त्यातून एक गोष्ट घडली, जी कुठल्याच नियमावलीत सांगितलेली नाही. सुनेचा सहा महिन्यांचा खर्च सासूच्या हातात पडला. प्रिंटरमधून पानं निघत होती आणि आई चष्मा लावून वाचत होती. "दर शुक्रवारी हे काय घेते रे ती? आणि कॉफीवर एवढे?" मी तिकडे कळवलं. त्या महिन्यापासून शुक्रवारची नोंद गायब झाली आणि भाजीची नोंद सुरू झाली. त्या भाजीवर माझा अजूनही विश्वास नाही.

बाबांची तक्रार वेगळी होती. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांना सगळं पसंत होतं, पण एकाही कागदावर गोल शिक्का नव्हता. स्लिप पीडीएफ, स्टेटमेंट पीडीएफ, बायकोच्या बँकेला तर शाखाच नाही, सगळा कारभार मोबाइलवर. "अरे, हे कोणीही छापेल," ते म्हणाले. आमच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर मात्र शिक्का आहे, थोडा माझ्या नावावर आणि थोडा तिच्या फोटोवर आलेला. तो दाखला ते मधूनमधून हातात घेऊन बघतात.

आता नातं खरं असल्याचा पुरावा. लग्नाचे फोटो भरपूर होते, पण अर्जाच्या नजरेनं बघायला लागल्यावर पंचाईत कळली. अर्ध्या फोटोंत मुंडावळ्यांच्या आड नवरा कोण ते ओळखू येत नाही. ज्यावर फोटोग्राफरनं जीव ओतला होता त्या मंगलाष्टकांच्या फोटोंत आमच्या दोघांमध्ये आंतरपाट आहे. परक्या अधिकाऱ्यानं ते बघितलं तर त्याला एवढंच कळेल, की या दोघांना एकमेकांचं तोंड बघू दिलं जात नव्हतं. उरलेल्या फोटोंत आम्ही स्टेजवर उभे आणि मधे कोणी तरी आत्या. शेवटी सप्तपदीचा एक, आणि महाबळेश्वरला भेळवाल्यानं काढून दिलेला एक, असे निवडले.

व्हॉट्सअॅपच्या गप्पाही जोडतात. प्रेमाची पानं मी वेगळी काढायला बसलो आणि वर जात राहिलो. 'ऑगस्टची स्लिप पाठव.' 'पाठवली.' 'ही नाही, सही असलेली.' 'झोपू दे ना, इथे एक वाजलाय.' याच्याही वर गेलं की 'बँकेला फोन केलास?' आमच्या संसाराचं सगळं संभाषण या अर्जाबद्दलच आहे. तेच जोडलं. असली कटकट फक्त नवरा-बायकोच करू शकतात, हे कोणत्याही देशात पटावं.

राहायच्या जागेचाही हिशेब द्यावा लागतो. घरात गर्दी होणार नाही ना, हे त्यांच्या १९८५ च्या कायद्यानं मोजतात. ११० चौरस फूट किंवा त्याहून मोठी खोली असेल तर दोन माणसं. वर्षाच्या आतलं बाळ मोजत नाहीत आणि दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धा माणूस. मी हे मोठ्यानं वाचलं तर बाबांनी बसल्या जागी आमच्या जुन्या वाड्यातल्या खोलीचा हिशेब केला. आजी-आजोबा, चार काका, दोन आत्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेले अर्धे-अर्धे. "आपण सगळे बेकायदेशीर वाढलो," ते अभिमानानं म्हणाले.

इंग्रजीची परीक्षाही आहे, बोलणं आणि ऐकणं, अगदी पहिल्या पायरीची. मीटिंगांत ज्या भाषेत मी दिवसभर 'हो, होऊन जाईल' म्हणतो, त्या भाषेत मला स्वतःचं नाव आणि छंद सांगायचे होते. सांगितले. क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे काढला. त्याचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. उलट पगाराचे कागद अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतले हवेत. म्हणजे पंगतीसारखं झालं, सगळे पदार्थ एकदम गरम पाहिजेत. कंपनीचं पत्र आलं की स्टेटमेंट शिळं, स्टेटमेंट ताजं आणावं तर पत्र जुनं.

पैशांबद्दल फार बोलत नाही, बाबा वाचतात. आम्ही अर्ज केला तेव्हा, २०२५ च्या एप्रिलपासूनच्या दरानं, अर्जाची फी १,९३८ पाउंड होती आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार ३,१०५ पाउंड. व्हिसा ३३ महिन्यांचा, पण अधिभार पूर्ण तीन वर्षांचा. हा हिशेब ऐकून नेनेकाकांचा त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

बोटांचे ठसे देऊन आलो त्या रात्री बायकोला फोन केला. म्हटलं, सुटलो एकदाचे. ती म्हणाली, "कसले सुटलो? ३३ महिने संपत आले की मुदतवाढीचा अर्ज. उत्पन्न, घर, फोटो, सगळं परत." मग माझा चेहरा बघून जरा गोड आवाजात म्हणाली, "पण तेव्हा तू इथे कमवत असशील ना, तर तुझाही पगार धरतात."

मागे बाबा उभे होते. "मग पहिल्या महिन्यापासून स्लिपेवर शिक्का मागून घेत जा," ते म्हणाले. "देत नसतील तर मी इथून एक करून पाठवतो."