कागद कोणापासून वाचवतो?

परवा एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं असं, की आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या हातात जमिनीचा पक्का कागद द्या. तो बँकेत जाईल, कर्ज काढेल, धंदा उभा करेल, गरिबी गेली म्हणून समजा. हे काही त्याचं एकट्याचं मत नाही. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी हा विचार जगभर नेला: गरिबाकडे मालमत्ता असते, पण कागद नसल्यामुळे ती मेलेलं भांडवल होऊन पडते. ऐकायला झकास. पण केनियात हा प्रयोग सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय, आणि गाडं नेमकं बँकेच्या दारात अडलं.

१९५४ साल. केनियात ब्रिटिशांविरुद्ध माउ माउ या किकुयू जमातीच्या लोकांचं बंड आणि त्यापायी लावलेली आणीबाणी चालू होती. ब्रिटिश वसाहतीच्या शेतीखात्यातल्या स्विनर्टन नावाच्या अधिकाऱ्याने योजना आखली. त्यानुसार किकुयू मुलखात विखुरलेले तुकडे एकत्र करून मालकीचे दाखले दिले गेले. योजनेच्या मजकुरातच लिहिलं होतं, की यातून उद्योगी आणि पैसेवाले लोक जास्त जमीन मिळवतील, बाकीचे गमावतील, जमीनदार आणि भूमिहीन असे दोन वर्ग पडतील, आणि देशाच्या वाटचालीत हे व्हायचंच. निदान लपवलं तरी नाही! कित्येक पुरुष छावण्यांत कैदेत होते आणि इकडे त्यांच्या जमिनींच्या हद्दी ठरत होत्या. दाखल्यावर नाव बहुधा घरातल्या एका कर्त्या पुरुषाचं. बायकोचा कसण्याचा हक्क, धाकट्याचा हिस्सा, दुसऱ्या घराण्याच्या जमिनीवर त्यांच्या संमतीने राहून पोट भरणारे ‘अहोई’, यातलं काहीच त्या एका नावात मावलं नाही.

आणि कर्ज? बुडीत कर्जापोटी शेत लिलावात काढलं तर शेजारी बोली लावायला येत नाहीत. बाहेरच्याने घेतलंच, तर गाव त्याला तिथे सुखाने कसू देत नाही. दोन एकरांसाठी एवढी उठाठेव कोणती बँक करेल? तिला पगाराची पावती दाखवणारा बरा वाटतो.

म्हणजे कागद निरुपयोगी का? अजिबात नाही. त्यासाठी रवांडाकडे बघायला हवं.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जेमतेम दीडपट देश. नुसत्या टेकड्या, माणसांची दाटी, १९९४ चा नरसंहार, त्यानंतर परतलेले निर्वासित, आणि एकाच तुकड्यावर दोन-दोन कुटुंबांचा दावा. अशा देशाने २०१३ पर्यंत जवळपास सगळ्या जमिनीची नोंदणी पुरी केली. एक कोटीच्या वर तुकडे! खर्च तुकड्यामागे सात डॉलरच्या आसपास. मला यातली पद्धत फार आवडते. महागडी यंत्रं घेऊन बांधोबांध कोणी फिरलं नाही. विमानातून काढलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती छापल्या, गावातल्याच पोरांना थोडं प्रशिक्षण दिलं, आणि मालक नि शेजारी बांधावर उभे असताना पोराने फोटोवर पेनाने रेघ ओढली. सगळ्यांसमोर. हद्द सेंटिमीटरपर्यंत बरोबर नसेल, पण ती कुठे आहे हे चार माणसांनी मान्य केलं. मोजणीच्या तारखेची वाट बघत बसलेल्या कोणालाही हे वाचून हेवा वाटेल.

सुरुवातीला ज्या गावांत चाचणी झाली, तिथे पुढे अभ्यास झाला. जमिनीची धूप रोखण्यासाठी बांधबंदिस्तीची कामं करण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट वाढलेलं दिसलं, आणि बाईच कर्ती असलेल्या घरांत ते आणखी जास्त. कर्ज मिळालं म्हणून नव्हे. आपण घातलेला बांध उद्या दीर येऊन आपला म्हणणार नाही, एवढी खात्री पुरली. इथिओपियातही तसंच. तिथे जमीन सरकारचीच, विकता येत नाही, तरी साधं प्रमाणपत्र हातात आल्यावर एकट्या बायका शेत बटाईने द्यायला लागल्या. आधी भीती असायची, की दुसऱ्याला कसायला दिलं म्हणजे गेलं.

पण रवांडातही गोम आहेच. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारशात बरोबरीचा हक्क दिला आणि कागदावर नवरा-बायको दोघांची नावं आली. फक्त लग्न सरकारदरबारी नोंदलेलं हवं. तिथे कितीतरी जोडपी नोंदणी न करताच संसार करतात. त्याच चाचणीत दिसलं, की अशा बायकांची बाजू उलट कमकुवत झाली. आणि हक्क मिळालेल्या मुलींना भाऊ ‘तू कशाला हिस्सा घेतेस’ म्हणतातच. माझ्या आईने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी नववीत होतो. मामाने त्या दिवशी जिलबी आणली होती. त्यामुळे हे मला रवांडाच्या राजधानीतून, किगालीहून, कोणी समजावायला नको.

दीर, भाऊ, शेजारी यांच्यापासून कागद वाचवतो, हे मला पटलेलं आहे. सरकारपासून वाचवतो का? इथे माझा मित्र गप्प बसला.

रवांडातला तो कागद म्हणजे मुळात सरकारकडून मिळालेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. २००७ पासूनच्या पीकवाढ योजनेत कोणत्या पट्ट्यात कोणतं पीक हे वरून ठरायला लागलं. घेवडा, रताळी, ज्वारी असं मिसळून लावणाऱ्या माणसाला एकच पीक घे म्हणून सांगितलं गेलं. किगालीतली ‘बान्याहे’ वस्ती हटवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या लोकांनी रोख भरपाई मागितली, कोर्टात गेले. सरकारचं म्हणणं, बुसांझा या दुसऱ्या भागात बांधलेली घरं घ्या. २०२२ मध्ये वस्ती पाडली गेली.

आणि इथिओपियातल्या गांबेलात तर आपल्याच देशातली कंपनी होती. बंगळुरूच्या करुतुरी या शेतीतल्या कंपनीला तिथे एक लाख हेक्टर जमीन नाममात्र भाड्याने मिळाली. सरकारच्या लेखी ती पडीक. तिथल्या मूळच्या अनुआक लोकांच्या लेखी तिथेच शिकार, मासेमारी, मध आणि फिरती शेती. २०११ मध्ये बारो नदीला पूर आला, कंपनीचा मका बुडाला, आणि २०१५ च्या अखेरीस करारच रद्द झाला. नदी कुठवर पसरते हे अनुआकांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून मला विचाराल तर नवा कागद छापण्यापेक्षा जुना ताजा ठेवणं जास्त महत्त्वाचं. रवांडात कित्येक वर्षं फेरफाराची फी सरसकट एकच होती, तुकडा कितीही लहान असो. शिवाय शेतीचा एक हेक्टरच्या खाली तुकडा पाडायला बंदी होती, आणि बहुतेकांची सगळी मिळून जमीनच त्याहून कमी. आपल्या तुकडेबंदीची आठवण झाली ना? लोकांनी तेच केलं जे आपण करतो: साधा कागद, दोन साक्षीदार, व्यवहार पुरा. केनियात तर पहिल्या मालकांची नावं ते वारल्यावरही वर्षानुवर्षं दप्तरात राहिली. वारस नोंदीला खर्च, हेलपाटे, आणि घरातल्या सगळ्यांना एका दिवशी एका जागी आणणं.

मित्राला हे सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं, तुमच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत?

चार. त्यातले तिघे हयात नाहीत. मे महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा बघू.