शुगरवाल्याचा वेगळा सैपाक टिकत नाही

गावात कोणाला शुगर निघाली की सल्ले सुरू होतात, कोणी म्हणते भात बंद कर, कोणी म्हणते कारल्याचा रस घे, कोणी मोबाईलवर डाएट चार्ट पाठवते ज्यात ओट्स अन् ब्रोकोली असते. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली कोण आणते, अन् आणली तरी रोज परवडते कोणाले? माझं स्पष्ट मत आहे, जो आहार कापूस वेचणीच्या दिवसात, लग्नसराईत अन् हात तंग असताना पाळता येत नाही तो शुगरवाल्याच्या कामाचा नाही.

आमच्या मोठ्या मायचंच बघा. आधी ताटात दोन मोठ्या भाकरी, पाण्यासारखं वरण अन् वरून भात. आता एक भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडी नाहीतर पालकाची भाजी चांगली दोन वाट्या, कांदा, मुळा, जवसाची चटणी. भात दोन घास. अन् मुख्य म्हणजे सून तिच्यासाठी वेगळं काही रांधत नाही, घरातले सगळे हेच खातात म्हणून हे चालू आहे. शेतातून आल्यावर एका माणसासाठी दुसरा सैपाक कोणती बाई किती दिवस करीन?

ज्वारीनं शुगर वाढतच नाही असं लोक छातीठोक सांगतात, ते खरं नाही. भाकरीतही स्टार्च, म्हणजे पोटात जाऊन साखर होणारा पिठूळ भाग, आहेच, तीन भाकरी हाणल्या तर शुगर चढणारच. अन् भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे जेवणच सोड म्हणणं, त्यानं भात कमी करावा, आधी भाजी-वरण खावं अन् मग भात, शुगर एकदम उसळत नाही. एकादशीला साबुदाणा-भगर-बटाटा पोटभर खाऊन उपवास केला म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच विचार करावा, साबुदाणा जवळपास नुसता स्टार्चच आहे.

वजन कमी करून शुगर मागे हटते हे खरं आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात वजन उतरवणाऱ्या गटात वर्षभरानं 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती, दोन वर्षांनी 36 टक्के. म्हणजे तिथंही खरी परीक्षा टिकवण्याचीच. अन् ते लोक जाडे होते, शुगर होऊन फार वर्षं झाली नव्हती, इन्सुलिनवर नव्हते. आपल्याकडं शेतात राबून वाळलेल्या माणसालेही शुगर निघते, त्यानं कोणाचं ऐकून उपाशी राहणं धोक्याचं आहे.

ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण चुकवलं की शुगर एकदम खाली जाते. सकाळी गोळी घेतली, डबा धुऱ्यावर राहिला, वेचता वेचता दुपार टळली, मग दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यापुढं अंधारी. लोक म्हणतात ऊन लागलं. अशा वेळी लगेच साखरपाणी द्या, माणूस शुद्धीवर असेल तरच, नाहीतर सरळ दवाखाना. जेवणाच्या वेळा किंवा भाकरी कमी करायच्या असतील तर आधी डॉक्टरला विचारून गोळीचं प्रमाण ठरवा.

अन् अजून एक, दवाखान्यात पथ्य समजावतात तेव्हा माणूस आत असतो अन् घरी रांधणारी बाई बाहेर बाकावर बसलेली असते. तिले आत घेऊन जा, घरात महिन्याला किती तेल, किती साखर लागते, रेशनचा तांदूळ किती शिजतो हे तिलेच माहीत आहे.