आत्याला मराठीत काय सुचवू?

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका भाच्याचा मेसेज आला. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही, बघायला मालिका सुचवा. तासाभरात यादी इतकी लांबली की सहा आठवडे पुरणार नाहीत. मीही तीन नावं घातली: 'बोर्गेन', 'डार्क', 'चेर्नोबिल'. मग आत्याने विचारलं, "यातलं मराठीत काय आहे?"

तिला दोन उत्तरं मिळाली. एक चुलत भाऊ म्हणाला, "आत्या, डब केलेलं बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं." दुसऱ्याने लिहिलं, "बऱ्याच हिंदीत आहेत की. हिंदी येतंच आपल्याला." आत्याने अंगठ्याचं चित्र टाकलं आणि ती गप्प झाली. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही, मीही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी गेली ११ वर्षं जर्मनीत राहते. 'बोर्गेन' ही डेन्मार्कच्या राजकारणावरची डॅनिश मालिका मला इथे पहिल्यांदा दिसली ती शेजारच्या आजींच्या घरी. त्यांनी टीव्हीसमोर इस्त्रीचं टेबल आडवं लावलेलं, बाजूला उशांच्या अभ्र्यांचा ढीग. डेन्मार्कचा पंतप्रधान बायकोच्या खरेदीचं बिल सरकारी कार्डावर टाकून अडचणीत आला होता, आणि आजी मान खाली घालून अभ्र्याची शिवण सरळ करत होत्या. आवाजात ताण आला की तेवढ्यापुरत्या वर बघायच्या. त्यांना डॅनिश येत नाही, इंग्रजी जेमतेम. मालिका जर्मनमध्ये डब केलेली होती. त्यात सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. सबटायटलला डोळे लागतात. सगळे, सतत. हातात इस्त्री असो, शिवण असो, मांडीवर नातवंड असो, खालची ओळ तुमच्यासाठी थांबत नाही. 'मूळ भाषेतच बघा' हा सल्ला ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांना सहज पाळता येतो. आमच्या घरात असे हात कुणाचे होते ते मला माहीत आहे. आईचे आणि आत्याचे नव्हते.

जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली, स्पेन हे डबिंगचे देश. नेदरलँड्स आणि डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे हे सबटायटलचे. जर्मनीत डबिंग ही मान असलेली कला आहे. हॉलिवूडच्या रॉबर्ट डी नीरोचा जर्मन आवाज म्हणजे क्रिस्टियान ब्र्युकनर, हे इथल्या सिनेमा बघणाऱ्यांना ठाऊक असतं. 'सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टूनमधल्या होमरला आवाज देणारे नॉर्बर्ट गास्टेल २०१५ साली गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं लोक बोलत होते. हेच लोक १९७०पासून रविवारी रात्री सव्वाआठला 'टाटओर्ट' ही आपली गुन्हेकथा बघायलाही बसतात. डब केलेल्या मालिका घरोघरी चालतात म्हणून ती बंद पडलेली नाही.

याची किंमत नाही असं मी म्हणणार नाही. डी नीरोचा स्वतःचा आवाज ओळखू न येणारी माणसं मला इथे भेटली आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. नटाचा श्वास, अडखळणं, आवाजातला खरखरीतपणा हे सगळं त्याचं स्वतःचं असतं, ते दुसऱ्याच्या गळ्यातून तसंच येत नाही. डच मुलांना लहानपणापासून टीव्हीवरून इंग्रजी कानावर पडतं, ते इथल्या मुलांना फारसं मिळत नाही. माझ्या भावाचा मुद्दा खोटा नाही. 'डार्क' ही जर्मन मालिका बघायची तर मीही म्हणेन, जमत असेल तर जर्मनमध्येच बघ. २०१७ ते २०२०, तीन सीझन, २६ भाग, एकाच गावातली चार घराणी आणि काळाच्या उलटसुलट गाठी. त्यातल्या माणसांचं तुटक, कोरडं बोलणं हा त्या गावाच्या हवेचाच भाग आहे. (वही-पेन्सिल घेऊन बसा. कोण कुणाचा मुलगा हे लिहून ठेवावंच लागतं.)

पण मूळ भाषेचा आग्रह धरणारा हाच भाऊ 'चेर्नोबिल'ची तोंडभर स्तुती करतो. २०१९ची ती पाच भागांची मालिका इंग्रजीत आहे. सोव्हिएत अभियंते, खाणकामगार, मंत्री, सगळे इंग्रजी बोलतात, आणि तेही उसन्या रशियन ढंगात न बोलता नटांच्या स्वतःच्या उच्चारांत. करणाऱ्यांनी ते जाणूनबुजून ठरवलं होतं. त्याने त्या अणुभट्टीची भीती तसूभरही कमी होत नाही. मग माणसाच्या जिभेवर परकी भाषा ठेवूनही गोष्ट खरी वाटू शकते, हे आपण मान्य केलेलंच आहे. फक्त ती भाषा इंग्रजी असेल तर आपल्याला खटकत नाही. मराठी असेल तर हसू येतं. हे हसू मला टोचतं.

माझ्या पिढीला खरं तर हसायचं कारण नाही. लहानपणी दूरदर्शनवर 'जंगल बुक' बघताना ते जपानी कार्टून आहे हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं? शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात बोलायचा आणि आम्ही पांघरूण ओढून घ्यायचो. ते डबिंगच होतं, हिंदीतलं. कसदार नट, नीट लिहिलेला संवाद. एवढं असलं की परकेपणा उरत नाही.

आता 'हिंदी येतंच की' याबद्दल. येतं, आत्यालाही येतं. पण समजणं वेगळं आणि पाय पसरून, भाषेचा विचारही मनात न येता बघणं वेगळं. जर्मन मुलंही शाळेत इंग्रजी शिकतात, म्हणून कुणी त्यांना 'मग इंग्रजीतच बघा' म्हणत नाही. 'मनी हाइस्ट' ही मूळची स्पॅनिश मालिका, २०१७ साली स्पेनच्या आन्तेना ३ वाहिनीवर आलेली. ती भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगूत डब झाली. (सुचवायची तर मी पहिल्या दरोड्यापर्यंतच सुचवेन, पुढे ताणली आहे.) तमिळ माणूस तमिळमध्ये बघतो, तेलुगू माणूस तेलुगूत, आणि मराठी माणूस हिंदीच्या खात्यात धरला जातो. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत, आणि मिळत नाही म्हणून मागायची सवय लागत नाही. त्याउलट 'समांतर' ही २०२०ची मराठी वेबसिरीज, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत डब झाली. म्हणजे आपली गोष्ट दुसऱ्याच्या घरी त्याच्या भाषेत जाते, त्याची गोष्ट आपल्याकडे येताना मात्र आपली भाषा दाराबाहेर ठेवते.

यातली तिसरी बाजू मला सगळ्यांत गंभीर वाटते. ती आमच्या ग्रुपवर कुणी मांडली नाही, पण नाटक-मालिकांत काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने फोनवर मांडली. बाहेरच्या तयार मालिका मराठीत डब होऊन आल्या, तर मराठीत नवीन करायला पैसे कोण घालणार? ही भीती फक्त आपल्याकडे नाही. बंगालमध्ये हिंदी 'महाभारत' बांगलात डब करून दाखवायचं ठरलं, तेव्हा कलाकार आणि तंत्रज्ञांच्या समितीने विरोध केला. प्रकरण स्पर्धा आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ साली निकाल समितीच्या विरोधात लागला. कन्नडमध्ये तर डबिंग कित्येक दशकं अडवून धरलेलं होतं. मैत्रिणीला मी म्हटलं, तुझी भीती मला पटते. रोजच्या रोज चालणाऱ्या शेकडो भागांच्या मालिका स्वस्तात डब करून दुपारच्या वेळा भरल्या, तर तुमच्या पोटावर पाय येईल, आणि ते मलाही नको आहे. मी बोलते आहे ते आठ-दहा भागांच्या, संपणाऱ्या गोष्टींबद्दल. त्या मराठीत आल्या तर लिहिणारा मराठी लागेल, बोलणारे वीस-पंचवीस जण मराठी लागतील. रंगभूमीवर आवाज कमावलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. मैत्रिणीला ते पूर्ण पटलं नाही. "पैसे किती देतात ते बघू," म्हणाली. तेही बरोबरच आहे.

आणि मराठीत हे किती सुंदर होऊ शकेल, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोरियन 'स्क्विड गेम'च्या २०२१च्या पहिल्या सीझनमध्ये (मी तेवढाच सुचवते) अली नावाचा पाकिस्तानी मजूर आहे. तो शिकलेल्या सांग-वूला आधी मालकाला मारावी तशी अदबीने हाक मारतो. मग सांग-वू त्याला म्हणतो, मला 'ह्योंग' म्हण. ह्योंग म्हणजे थोरला भाऊ. पुढे जे घडतं त्याची सगळी जखम या एका हाकेत आहे. इंग्रजीत थोरल्या भावाला नात्याने हाक मारायची रीत नाही, त्यामुळे तिथे ती हाक पुसट होते. मराठीत काही करावंच लागत नाही. आधी 'साहेब', मग 'दादा'. आपल्या कोणत्याही प्रेक्षकाच्या पोटात त्याच क्षणी खड्डा पडेल.

काम सोपं नाही, हे मला अनुभवाने कळलंय. कारण मी आईला 'बोर्गेन' मराठीत ऐकवते. दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावतो. तिकडे तिच्या टीव्हीवर मालिका, इकडे माझ्या लॅपटॉपवर, दोघी एकदम सुरू करतो आणि मी बोलत जाते. नट जवळून दिसतो तेव्हा ओठ खोटं बोलू देत नाहीत. त्याने 'स्टॉप' म्हणून ओठ मिटले तर 'थांब' चपखल बसतं, दोन्हीकडे ओठ मिटतात. पण एरवी मराठी वाक्य 'आहे', 'नाही', 'गेला' असं क्रियापदावर संपतं, ओठ उघडेच. मग वाक्य फिरवायचं, शब्द बदलायचा, तेही दीड सेकंदात. माझं निम्मं चुकतं. जे रोज हे काम नीट करतात त्यांना मी मनापासून मानते.

पहिल्याच भागात आईने पॉज करायला लावलं. मालिकेची नायिका, पुढे पंतप्रधान होणारी बिर्गिट आपल्या नवऱ्याशी, फिलिपशी बोलत होती आणि मी 'तू' म्हटलं. आई म्हणाली, "नवऱ्याला अरे-तुरे करते?" डॅनिशमध्ये आता जवळजवळ सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात. जर्मन डबिंगमध्ये मात्र 'तू' की 'आपण' हे ठरवावंच लागतं. मराठीत तर तू, तुम्ही, आपण, अहो, साहेब, मॅडम. आम्ही दहा मिनिटं बोललो. शेवटी ठरलं की नवऱ्याला 'तू', कारण दोघं घरातली कामं वाटून घेतात. माध्यम-सल्लागार कास्पर तिला 'मॅडम, तुम्ही' म्हणणार, आणि चिडला की नुसतं 'तुम्ही'. विरोधी पक्षवाले 'आपण'. हा निर्णय आईचा. मी फक्त बोलते.

आत्याला मी त्यानंतर स्वतंत्र फोन केला. मराठीत आत्ता जे आहे त्यातलं 'आणि काय हवं' सांगितलं. प्रिया बापट आणि उमेश कामत, नवरा-बायकोचं पहिलं घर, पहिली गाडी, छोटे छोटे भाग, कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. 'मानवत मर्डर्स'ही सांगितलं. १९७०च्या दशकातलं परभणीकडचं खरं प्रकरण, तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. पण रात्री एकटीने बघू नकोस, असंही म्हटलं. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि ती तुझी पंतप्रधानीण? ती मला कधी?"

आता शनिवारच्या कॉलवर तिघी असतो. पहिले तीन सीझन मिळून ३० भाग आहेत, आम्ही दुसऱ्या सीझनमध्ये पोचलोय. घटस्फोटाचा विषय सुरू आहे. आई म्हणते, आता ती फिलिपला 'तुम्ही' म्हणेल. आत्याचं म्हणणं, चिडलेली बाई 'तू'च म्हणते. पुढचा भाग सुरू करायच्या आधी दोघींचं एकमत व्हायला हवंय, आणि ते अजून झालेलं नाही.