“जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी टाकू नका” या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नागपूरच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय, तुम्हालाही आला असेल. जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली ड्राइव्ह, टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, असं त्यात लिहिलंय. कारणं पाच दिलीत: दोन वर्षांत ती झिजून जाते, आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही, बंद ठेवली की डेटा उडतो, जुन्या मदरबोर्डवर स्पीडच मिळत नाही, आणि त्यापेक्षा रॅम वाढवा नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. मला हे वाचून राग आला, कारण असा मेसेज वाचून नेमकी तीच माणसं थांबतात ज्यांना या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. घरी शिकवणी घेणारे, झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारे, ज्यांचा आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी तयार नसतो आणि नवीन मशीनचे पैसे आत्ता हातात नाहीत.

पहिला मुद्दा झिजण्याचा. झिजते हे खरं आहे, पण दोन वर्षांत हे खोटं. एसएसडीवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल याचा आकडा कंपनी स्वतः देते, त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. क्रुशलची बीएक्स५००, २४० जीबीवाली, म्हणजे अगदी स्वस्तातली, तिचा आकडा ८० टेराबाइट आहे. सॅमसंगच्या ८७० इव्होचा, २५० जीबीला, १५० टेराबाइट. आता रोज २० जीबी लिहिलं असं धरा, घरच्या किंवा दुकानाच्या कामाला हे भरपूर झालं, तरी वर्षाला होतात ७.३ टेराबाइट. म्हणजे स्वस्तवाली साधारण अकरा वर्षं आणि दुसरी वीस वर्षं. तोपर्यंत बाकीचा कॉम्प्युटरच राहणार नाही. तरी धाकधूक असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून ड्राइव्हची किती टक्के तब्येत शिल्लक आहे ते अधूनमधून बघत जा.

मग ऊन. आपल्या इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे ही भीती लगेच पटते. पण बहुतेक साध्या एसएसडी ७० डिग्रीपर्यंत चालायला बनवलेल्या असतात, आणि ज्या हार्ड डिस्कला हा मेसेज दणकट म्हणतो तिची मर्यादा साधारण ६० असते, म्हणजे उन्हाचीच भीती असेल तर आधी जुनी डिस्क काढायला पाहिजे. साटा एसएसडीत, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलवर लागणाऱ्या एसएसडीत, मोटर नाही, फिरणारं काही नाही, ती फारशी तापतच नाही. हां, लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई नावाच्या जास्त फास्ट एसएसडी तापतात, पण त्या जास्त तापल्या तर स्वतःच स्पीड कमी करतात. उन्हाळ्यात खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची: कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती ओली हवा आणि पंख्यावर साचलेली धूळ पूर्ण मशीनलाच वाईट.

डेटा उडण्याची गोष्ट २०१५ पासून फिरून राहिली आहे. सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या एका माणसाच्या प्रेझेंटेशनमधला तक्ता लोकांनी चुकीचा वाचला आणि “एसएसडी आठवडाभर बंद ठेवली की रिकामी” अशा बातम्या झाल्या. तो तक्ता लिहिण्याची पूर्ण मर्यादा वापरून झालेल्या ड्राइव्हचा होता, आणि आठवड्याचा आकडा फार जास्त तापमानाचा. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचा, म्हणजे मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम असा, की पूर्ण झिजलेली ड्राइव्हसुद्धा ३० डिग्रीला बिनविजेची वर्षभर डेटा सांभाळायला पाहिजे. नवीन ड्राइव्ह त्यापेक्षा खूप जास्त सांभाळते. दिवाळीला गावी गेलात तर काही होणार नाही. पण लग्नाचे फोटो एसएसडीत भरून पाच वर्षं कपाटात ठेवायचे असतील तर नका ठेवू, त्याला हार्ड डिस्कच बरी.

आता चौथा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जुन्या मदरबोर्डवर डिस्क जोडायला साटाची जुनी पिढी, साटा टू, असतं, त्यातून सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास जातं आणि एसएसडी ५५० देऊ शकते, हे बरोबर. पण म्हणून फायदा नाही? अहो, तुमची जुनी हार्ड डिस्क मोठी सलग फाइल असली तरच १०० ते १५० देते, आणि विंडोज उघडताना सलग फाइल वाचायचीच नसते, हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचं हेड सरकून, तबकडी फिरून तिथे यायची वाट बघावी लागते. बर्डीच्या बाजारातून वीस वस्तू आणायच्या अन् प्रत्येक वस्तूसाठी घरून नव्याने निघायचं, तसं. एका फेऱ्याला दहा-पंधरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतबाहेर फेरे, बस. एसएसडीत हेडच नाही, ती असे हजारो फेरे मारते. कॉम्प्युटर हळू वाटतो तो या वाट बघण्यामुळे, आणि हे वाट बघणं साटा टू वरही संपतं. फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचा मोड आयडीई हा जुना असेल तर विंडोज टाकायच्या आधी तो एएचसीआय करून घ्या.

रॅमचं म्हणाल तर अंदाजाने कशाला ठरवायचं. माझ्या मामेभावाचं नंदनवनला ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, ॲडमिशनच्या दिवसांत पोरं रांगेत उभी आणि ब्राउझर उघडेना, आणि त्यालाही एकाने रॅमच वाढव म्हणून सांगितलं होतं. आम्ही कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी अर्ध्यावर, प्रोसेसर जवळपास रिकामा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. तिथे रॅम टाकून काय होणार होतं? एसएसडी टाकली, काम झालं. तुमच्याकडे उलट मेमरी ९० टक्क्यांवर दिसत असेल तर आधी रॅम घ्या, आणि मशीन ४ जीबीचं असेल तर जमलं तर दोन्ही करा, कारण रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं. प्रोसेसरच सतत १०० वर असेल तर मात्र एसएसडीने फरक पडणार नाही, तिथे पैसे टाकू नका.

नवीन मशीनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि एसएसडी टाकल्याने हे काही बदलत नाही. बँकेची कामं त्याच मशीनवर होत असतील तर याचा विचार कराच. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम चालणार असेल तर जुनं मशीन एसएसडीवर अजून आरामात चालतं, आणि पुढे नवीन घेतलं तर साटाची जागा असलेल्या मशीनमध्ये हीच ड्राइव्ह लावता येते.

ज्या गोष्टींपासून खरंच सांभाळायला पाहिजे त्या मेसेजमध्ये नाहीतच. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून आधी कळवते, एसएसडी अचानक बंद पडू शकते, आणि डिलीट झालेली फाइल ट्रिममुळे (डिलीट केलेली जागा एसएसडी स्वतः साफ करून टाकते) बहुतेक वेळा परत मिळत नाही, म्हणून बॅकअप हवाच. त्यासाठी काढलेली जुनी डिस्क चांगली असेल तर बाहेरच्या केसमध्ये घालून वापरा. लॅपटॉपला एम डॉट टू, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा, स्लॉट असेल तर तो साटा आहे की एनव्हीएमई हे मॉडेल नंबरवरून बघूनच खरेदी करा, दिसायला दोन्ही सारख्या असतात पण साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालत नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कच्या जागी ईएमएमसी नावाची मेमरी चिप बोर्डालाच चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही. आणि ऑनलाइन दीड-दोन हजारात १६ टीबीची एसएसडी दिसली तर ती नकली आहे, आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि जागा भरली की जुन्या फाइली खराब होतात. बर्डीला किंवा धंतोलीत दोन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल घ्या, वॉरंटी किती वर्षांची आहे ते डब्यावर वाचा.